दुकान दुसऱ्याचे, गिऱ्हाईक आपले



मराठी माणसाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे आठवतात, दुसरे सरफोजी आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालयातील तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे आठवतात. आठवावीतच. पण या परिसराशी नाते असलेल्या माणसांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो उद्योग उभा केला, त्याची ओळख आपल्याकडे अजून पुरेशी झालेली नाही. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांचे घराणे तंजावर जिल्ह्यातील उमैयाळपुरमचे. फ्रेशवर्क्सचे सहसंस्थापक गिरीश मातृभूतम शेजारच्या तिरुचिरापल्लीचे आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले ते तंजावरच्याच 'शास्त्र' संस्थेत. किसफ्लोचे सुरेश संबंदम किनाऱ्यावरच्या कडलूरचे. तिघांच्याही धंद्याची रीत एकच: सॉफ्टवेअर एकदा विकून मोकळे व्हायचे नाही, ते महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर द्यायचे.

या रीतीत सगळ्यात अवघड काय, तर कधी न भेटलेल्या, हजारो मैलांवरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणे. फ्रेशवर्क्सच्या फ्रेशडेस्क या उत्पादनाचे पहिले गिऱ्हाईक ऑस्ट्रेलियातील पर्थचे ॲटवेल कॉलेज होते. चेन्नईहून कोणी विक्रेता पर्थला गेला नव्हता. कॉलेजला उत्पादन इंटरनेटवर सापडले आणि त्यांनी वर्गणी भरली. पण सापडणे असे आपोआप होत नाही. त्यासाठी माणसे जिथे आधीच खरेदीला येतात तिथे माल मांडावा लागतो, आणि ॲपची ऑनलाइन बाजारपेठ म्हणजे तीच जागा.

सेल्सफोर्सने २००५ मध्ये ॲपएक्स्चेंज जाहीर केले. ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी पाचशे ॲपनिशी उघडले. मार्च २०१० मध्ये गुगलने कार्यालयीन वापरासाठी गुगल ॲप्स मार्केटप्लेस सुरू केले आणि २०१२ मध्ये अटलासियननेही स्वतःची बाजारपेठ काढली. यांतल्या गुगलच्या बाजाराशी कडलूरच्या संबंदमांची गोष्ट जोडलेली आहे आणि ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

त्यांची ऑरेंजस्केप ही कंपनी आधी मोठ्या उद्योगांना सॉफ्टवेअर बनवण्याचा पायाच विकत असे. असा माल विकायला बैठका लागतात, सादरीकरणे लागतात, खरेदी विभागाच्या सह्या लागतात. एकेका सौद्यात महिने जातात. २०१२ मध्ये कंपनीने किसफ्लो आणले. त्याचे काम साधे होते. कार्यालयात रजेचा अर्ज, प्रवासखर्चाचे बिल, खरेदीची मागणी असे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतात. कुणाच्या खणात पडून राहिले की सगळे अडते. किसफ्लोमध्ये अर्ज कोणाकडून कोणाकडे जाईल ते एकदा ठरवून द्यायचे. कर्मचारी अर्ज भरतो, साहेबाला मेल येते, साहेब मंजूर करतो, पुढच्या टेबलाला आपोआप कळते आणि अर्ज कुठे थांबला आहे ते सर्वांना दिसते.

हे उत्पादन गुगलच्या बाजारात मांडल्याचा फायदा नेमका कशात होता? ज्या कंपनीत मेल आणि कॅलेंडर गुगलचे आहे, तिथल्या संगणक विभागाच्या माणसाने बाजारात शोधायचे, परवानगी द्यायची, की सगळ्या कर्मचाऱ्यांना ॲप उपलब्ध. नवा पासवर्ड नको, नवी नोंदणी नको. पूर्वी जिथे विक्रेत्याच्या चार फेऱ्या झाल्या असत्या, तिथे गिऱ्हाईक स्वतःच चाचणी सुरू करू लागले. आपल्या सेवेचे ग्राहक १६० देशांत आहेत, असे किसफ्लो आज सांगते.

पण बाजारात जागा मिळाली म्हणजे विक्री झाली, असे समजणारे पुष्कळ जण पहिल्याच वर्षी थकतात. गिऱ्हाईक ॲपचे पान उघडते तेव्हा त्याला चिन्ह दिसते, चार-पाच चित्रे दिसतात, तारे आणि अभिप्राय दिसतात. मग ते बटण दाबते आणि परवानगीचा पडदा समोर येतो: हे ॲप तुमची मेल वाचू शकेल, तुमच्या ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहू शकेल आणि पुसू शकेल. इथे हात थांबतो. रजेचा अर्ज फिरवणाऱ्या ॲपला सगळ्या फाइली कशाला हव्यात, हा प्रश्न रास्तच आहे. पुढेमागे लागेल म्हणून आज सगळ्या परवानग्या मागून ठेवण्याची सवय प्रोग्रॅमर मंडळींनी सोडलीच पाहिजे. २०१८ मध्ये गुगलने जीमेलमधील खासगी मजकुराला हात लावणाऱ्या ॲपना बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा-तपासणी करून घेणे बंधनकारक केले, तेव्हा तिचा अंदाजे खर्च १५ हजार ते ७५ हजार डॉलर सांगितला होता. कमी मागणाऱ्या ॲपना ही तपासणी लागतच नव्हती.

पुढचा हिशेब गळतीचा. शंभर वर्गणीदारांतले दरमहा पाच टक्के सोडून जात असतील, तर वर्षाअखेर चौपन्न उरतात. गळती दोन टक्क्यांवर आणली तर अठ्ठ्याहत्तर उरतात. हा फरक जाहिरातीने भरून निघत नाही. चाचणीच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकाचे एक तरी खरे काम ॲपमध्ये पार पडले का, अडले तेव्हा माणसाने उत्तर दिले का, यावर तो ठरतो.

आपल्या देशात यात आणखी एक वळण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीला रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना द्यायची आणि ठरावीक रकमेच्या वर असेल तर दर वेळी ग्राहकाची मंजुरी घ्यायची. ही मर्यादा आधी पाच हजार रुपये होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण वर्गणीदाराने मनाने न सोडताही वर्गणी तुटू शकते, हे धंदा करणाऱ्याने ओळखून वेळीच आठवण दिली पाहिजे. अशी वसुली सांभाळणारी चार्जबी ही कंपनीही २०११ मध्ये चेन्नईतच उभी राहिली.

आता जागेच्या भाड्याचा विषय. ॲपल आणि गुगल यांच्या मोबाइल बाजारांत वर्षानुवर्षे शंभर रुपयांतले तीस बाजाराचे होते. २०२१ पासून छोट्या विकसकांना दोन्हीकडे पंधरा टक्क्यांचा दर मिळू लागला. शॉपिफायनेही आपल्या ॲप बाजारात त्याच वर्षी पहिल्या दहा लाख डॉलरवरील आपला वाटा माफ केला. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या वसुली-धोरणाबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आला. आणि मार्च २०२४ च्या पहिल्याच दिवशी शुल्काच्या वादातून भारत मॅट्रिमनी, शादी, नोकरी अशा नामांकित सेवांची ॲप प्ले स्टोअरवरून उतरवली गेली. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती परतली. लाखो वापरकर्ते असलेल्यांची ही गत झाली, तर पाच माणसांच्या कंपनीने काय धडा घ्यावा?

बाजाराकडे पाठ फिरवावी, हा तो धडा खचित नव्हे. बाजाराविना किसफ्लोला एवढ्या लवकर एवढे दूरचे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. पण आठवडी बाजारात पाल मांडणारा कापडवाला जसा येणाऱ्या गिऱ्हाइकाला गावातल्या दुकानाचा पत्ता सांगून ठेवतो, तसे इथेही करावे लागते. स्वतःची वेबसाइट, स्वतःची मदतपाने आणि ग्राहकाशी त्याच्या संमतीने थेट पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून हवा. दुसरे असे की एकाच बाजारावर सगळी कमाई टांगू नये.

तंजावरसारख्या गावाला आज ही वाट खुली आहे. राज्य सरकारने छोट्या शहरांसाठी आखलेल्या टायडेल निओ संकुलांपैकी एक सप्टेंबर २०२४ मध्ये इथेच सुरू झाले. वेंबूंनी त्याच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, तेनकाशीजवळच्या मत्तळमपारै गावात कार्यालय काढून खेड्यातून जगाला सॉफ्टवेअर देता येते हे करून दाखवले होते. झोहोच्या बाजारपेठेत बाहेरच्या विकसकांनाही आपली जोड-उत्पादने मांडता येतात. मांडण्याजोगी कामेही आपल्याकडे आहेत: सोलापूरच्या चादर व्यापाऱ्याचा हिशेब, सांगलीच्या हळदीच्या अडतीची पट्टी, कोल्हापूरच्या दूधसंस्थेचे दहा दिवसांचे बिल ही कामे ज्यांना आतून माहीत आहेत, ती माणसे तंजावरातल्या या संमेलनात बसली आहेत. चेन्नईच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या माणसाला ती माहीत असण्याचे कारण नाही.

म्हणून प्रत्येकाला विनंती अशी की, येत्या वर्षात असे एकच काम निवडा, त्याचे एक छोटे ॲप करा, मदतीचा मजकूर मराठीत आणि तमिळमध्ये लिहा आणि बाजारात मांडा. पुढच्या संमेलनाला येताना किती जणांनी ते उतरवून घेतले हा आकडा राहू द्या; किती जणांनी दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरली, तो आकडा घेऊन या.