टोपीखालचा दात

आपल्या भाषेत दातांच्या दोन जाती मानलेल्या आहेत: दुधाचे दात आणि कायमचे दात. दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात हे सर्वांस ठाऊक असते, म्हणून त्यांचा शोक कोणी करीत नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या दातांना मात्र 'कायमचे' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि बोळक्या तोंडाची वडीलधारी माणसे घरोघरी दिसत असूनही त्या विशेषणाचा फेरविचार कोणास सुचलेला नाही. हाच शब्द पुढे दंतवैद्याच्या दवाखान्यात पुन्हा कानी पडतो. किडलेल्या दाढेची मुळे साफ करून झाली, म्हणजे वैद्य तिच्यावर आधी तात्पुरती आणि मग 'कायमची' टोपी बसवितो. लोक तिला कॅप म्हणतात. शास्त्रात तिचे नाव मुकुट. वैद्याच्या तोंडी 'कायमची' याचा अर्थ इतकाच की, ती तात्पुरती नव्हे. ऐकणारा त्याचा अर्थ 'जन्माची' असा करतो, आणि पुढे कित्येक दाढा गमावल्या जातात त्या या एका गैरसमजापायी.

प्रथम टोपीचे प्रयोजन काय ते पाहू. कीड खोलवर गेलेली दाढ आतून पोखरलेली असते. मुळांतील नस काढून त्या नळ्या भरताना तिचा माथाही कोरावा लागतो. उरलेल्या भिंती पातळ असतात. सोलापूर-धाराशिवकडच्या जेवणात जोंधळ्याची कडक भाकरी व शेंगदाणे नित्याचे; त्यांच्या चावण्याने अशी दाढ उभी चिरण्याचा संभव असतो. बैलगाडीचे लाकडी चाक फाकू नये म्हणून त्यावर लोखंडी धाव चढवितात. टोपीचे काम नेमके तेच. धाव चाकाला एकत्र धरून ठेवते; परंतु आतील लाकूड कुजू लागले, तर धाव कितीही मजबूत असून उपयोग नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. इटलीतील एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील चार्ल्स लँड यांनी चिनीमातीची टोपी सिद्ध केली. १९०७ साली विल्यम टॅगार्ट यांनी दाताच्या मापाचा मेणाचा नमुना करावा, त्याभोवती साचा घालावा, मेण वितळवून काढावे आणि त्या पोकळीत सोने ओतावे, अशी रीत दंतवैद्यांपुढे मांडली. ही रीत दातांच्या कामी नवी असली, तरी मूर्तिकारांस ती पूर्वापार ठाऊक होती. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या कल्याणी नगरीतून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून धातूची मूर्ती ओतण्याचा विधी वर्णिलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूवर चिनीमाती भाजून बसविलेल्या टोप्या प्रचारात आल्या, आणि अलीकडे झिर्कोनिया नावाच्या अतिशय कठीण पांढऱ्या द्रव्याच्या टोप्या यंत्रावर कोरल्या जातात.

आपल्या देशात या विद्येचे रीतसर शिक्षण १९२० साली कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. दंतवैद्यांविषयीचा कायदा १९४८ साली झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला. आणि मराठवाड्यास शासकीय दंत महाविद्यालय लाभले ते १९८२ साली, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तेव्हा या भागातील कित्येक कुटुंबांत टोपी बसविलेली ही पहिलीच पिढी आहे. टोपी कशी बसते हे त्यांनी अनुभवले. ती काढावी केव्हा, हे सांगणारे वडील माणूस घरात नसते.

टोपीचे दुबळे स्थान एकच: तिची कड. टोपी स्वतः किडत नाही. तिच्या खालचा दात मात्र किडू शकतो, आणि कीड शिरते ती हिरडीलगत, जेथे टोपीची कड संपते व दात उघडा पडतो तेथून. तेथे चिकटविलेले सिमेंट लाळेने हळूहळू झिजते. घास घासून काढला नाही तर अन्नाचा थर साचतो. वयोमानाने हिरडी खाली सरकली की मुळाचा मऊ भाग उघडा पडतो. चांगली बसविलेली टोपी सामान्यतः दहा ते पंधरा वर्षे टिकते. निगा राखणाऱ्याची त्याहून अधिक, हयगय करणाऱ्याची त्याहून पुष्कळ कमी.

आता तामलवाडीचे उदाहरण घेऊ. सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. दाताच्या मोठ्या कामासाठी सोलापूर गाठणे येथील माणसास सोयीचे. अशा एखाद्या गृहस्थाने बारा वर्षांपूर्वी खालच्या दाढेची मुळे साफ करवून तिच्यावर टोपी बसविली, अशी कल्पना करावी. अलीकडे त्या बाजूस घास अडकतो, सकाळी तोंडाला वास येतो, हिरडीतून कधी रक्त दिसते. पण दाढ दुखत नाही. दुखत नाही म्हणून ते निश्चिंत असतात. येथेच खरा धोका आहे. त्या दाढेतील नस पूर्वीच काढलेली आहे. कीड लागली हे ओरडून सांगणारा पहारेकरीच वाड्यात उरलेला नाही. दुखू लागेल तेव्हा बहुधा मुळाच्या टोकाशी पू झालेला असेल, किंवा दाढ हिरडीच्या पातळीवर मोडलेली असेल. शहरातील सुशिक्षित घरांतही गोष्ट याहून निराळी नसते. फरक फक्त दवाखान्याच्या अंतराचा. म्हणून टोपी असलेल्या दाताची तपासणी वर्षातून एकदा तरी करवावी, मग तो दुखो वा न दुखो.

तपासताना वैद्य बारीक सळई टोपीच्या कडेवरून फिरवितो आणि क्ष-किरणांचे चित्र घेतो. धातूतून हे किरण पार जात नाहीत. त्यामुळे टोपीच्या पोटातील कीड चित्रात लपू शकते आणि वैद्याला कडेवरून व मुळावरून अनुमान करावे लागते. अशा वेळी 'काढून पाहिल्याखेरीज निश्चित सांगता येत नाही' असे तो म्हणाला, तर ती टाळाटाळ समजू नये.

पक्की बसलेली टोपी काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ती अखंड सोडविण्याचा. ध्वनीच्या वेगवान कंपनांनी सिमेंट सैल करतात. ऊन पाण्यात मऊ केलेली चिकट वडी चावावयास देऊन तोंड झटक्याने उघडावयास लावतात. अथवा कडेत आकडा अडकवून उलट्या हातोडीचे हलके ठोके देतात. टोपी सैल असेल तर हे उपाय ठीक. ती घट्ट असता जोर केला, तर टोपीबरोबर आतील खुंटही मोडून हाती येण्याची भीती असते. दुसरा मार्ग, टोपी कापण्याचा. दाढ किंवा हिरडी बधिर करून, पाण्याचा फवारा चालू ठेवून, फिरत्या बारीक टोकाने गालाकडील बाजूस हिरडीपासून माथ्यापर्यंत चीर पाडतात, आणि त्या चिरेत चपटे हत्यार घालून टोपी शेंगेच्या टरफलासारखी उकलतात. झिर्कोनियाची टोपी उकलत नाही. ती हिऱ्याचे कण बसविलेल्या टोकाने तुकड्यांनी काढावी लागते व वेळ अधिक लागतो.

रोग्यास पहिला मार्ग काटकसरीचा वाटतो. 'एवढी किमतीची वस्तू कापता कशाला? काढून पुन्हा तीच बसवा', असा त्याचा आग्रह असतो. हा आग्रह समजण्याजोगा आहे. पण तो धरू नये. टोपी नवी करता येते, दाढेचे मूळ नवे करता येत नाही. पुष्कळदा टोपीचा बळी देणे हाच दात वाचविण्याचा सुरक्षित उपाय असतो. जुनी टोपी पुन्हा बसविणे योग्य ठरते ते एवढ्याच प्रसंगी: ती अखंड निघाली, तिची कड अजून चपखल बसते, आणि खालचा दात निरोगी आहे.

टोपी निघाल्यावर कीड खरवडून खुंट पुन्हा बांधतात. या वेळी एक माप निर्णायक ठरते. हिरडीच्या वर सभोवार निदान दीड ते दोन मिलीमीटर उंचीचा निरोगी दात शिल्लक असला पाहिजे. नव्या टोपीची पकड त्यावर असते. तेवढा नसेल तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करून तो उघडा करता येतो. तेही शक्य नसेल तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसते. दोन वर्षे आधी आलेला आणि दोन वर्षे उशिरा आलेला रोगी यांत अंतर पडते ते बहुधा या दीड-दोन मिलीमीटरांचे.

यानंतर माप घेऊन ते कारागिराकडे जाते. नवी टोपी येईपर्यंत तात्पुरती टोपी लवंगेच्या तेलातील द्रव्याने कालविलेल्या मऊ सिमेंटने चिकटवितात. ती निघावी म्हणूनच तशी बसविलेली असते. तेव्हा त्या दिवसांत कडक भाकरी, चिक्की व सुपारी त्या बाजूने चावू नये. नवी टोपी आल्यावर ती सिमेंट लावण्यापूर्वी घालून पाहावी. शेजारच्या दातांशी तिचा स्पर्श नीट आहे काय, रंगीत कागद चावल्यावर ती उंच तर लागत नाही ना, हे वैद्य पाहतोच. रोग्यानेही लाजेने गप्प न बसता खुपत असल्यास त्याच वेळी सांगावे. स्वस्त धातूच्या टोप्यांत पुष्कळदा निकेल असते. ज्यास नकली दागिन्यांनी खाज सुटते त्याने ही गोष्ट आधीच कळवावी.

कधी टोपी घरीच, जेवता जेवता, हाती येते. तेव्हा ती फेकू नये व घरच्या चिकटद्रव्याने मुळीच चिकटवू नये. धुऊन डबीत ठेवावी, दात हलक्या हाताने स्वच्छ करावा, आणि चार दिवसांच्या आत वैद्याकडे जावे. कारण शेजारचे दात मोकळ्या जागेकडे सरकू लागतात आणि मग तीच टोपी बसेनाशी होते. सैल टोपी तोंडात ठेवून झोपणे तर सर्वथा टाळावे. ती श्वासनळीत गेल्यास प्राणावर बेतते.

याच्या उलट टोकाची चूकही होते. टोपी निरोगी असता केवळ अधिक पांढरी हवी म्हणून ती बदलविणारे लोक शहरात आढळतात. दर बदलाच्या वेळी थोडा तरी दात घासला जातो, आणि तो परत येत नाही. म्हणून टोपी काढण्याचा सल्ला मिळाला, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: काढण्याचे कारण कोणते, खाली निरोगी दात किती उरण्याचा अंदाज आहे, आणि न काढल्यास काय होईल? जाणत्या वैद्यास या प्रश्नांचा राग येत नाही.

रोज रात्री निजण्यापूर्वी हिरडीलगतची कड मऊ ब्रशाने घासावी आणि दोन दातांमधील फट दोऱ्याने साफ करावी. मिश्रीने दात घासल्याने टोपीचे रक्षण होत नाही. तो तंबाखूच आहे, आणि हिरडीला तो अपायच करतो. टोपीला कायमपण देणारी काही शक्ती असेल, तर ती कारागिराच्या भट्टीत नसून रात्रीच्या त्या पाच मिनिटांत आहे.