काच, चिनीमाती आणि आपण

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



बदलीच्या नोकरीत माणसाने छंद करावा तो टपाल तिकिटांचा. तो एका ट्रंकेत मावतो आणि आपटला तरी फुटत नाही. आम्ही मात्र साधारण १९४५ ते १९७० या काळातील काचेच्या व चिनीमातीच्या घरगुती वस्तू जमवीत आलो. दर बदलीला 'नाजूक' असा शेरा मारलेली खोकी वाढत गेली आणि घरच्या मंडळींच्या सहनशीलतेचा कसही लागत गेला!

संग्रह म्हटला की संस्थानिकांची झुंबरे डोळ्यांपुढे येतात. आमचा जीव जडला तो कपबश्या, लोणच्याच्या बरण्या, सरबताचे पेले आणि फुलदाण्या यांवर. या साध्या वस्तूंमागे मोठा उद्योग उभा आहे आणि त्यात मराठी माणसाचा वाटा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा मागून निधी उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ साली ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघरी पोहोचला. दिल्लीत सरदार गुरचरणसिंग यांनी जपानात शिकून आलेली विद्या राबवून १९५२ साली आपली कुंभारशाळा थाटली आणि निळ्या झिलईच्या भांड्यांना नवी प्रतिष्ठा मिळवून दिली.

वस्तूची पारख कशी करावी, असे आम्हास नेहमी विचारले जाते. चिनीमातीचे भांडे प्रथम पालथे करावे. बुडाशी असलेला छाप हाच त्याचा जन्मदाखला. जपानी कपबशीवर 'ऑक्युपाइड जपान' असा अस्सल छाप असेल, तर ती अमेरिकी अंमलाच्या काळातील, म्हणजे १९५२ पूर्वीची समजावी. कडेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. अभंग भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. हाडांची राख घातलेली बोनचायना उजेडापुढे धरली, तर पलीकडील बोटांची सावली दिसते. साच्यात दाबून केलेल्या काचेवर बहुधा जोडाची बारीक रेघ आढळते. फुंकून केलेल्या काचेच्या बुडाशी कित्येकदा नळीचा किंवा सळईचा व्रण असतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जुन्या भांड्यांवरील झिलईत व रंगीत नक्षीत शिसे असू शकते. त्यांत लोणचे किंवा आंबट पदार्थ साठवू नये. ती पाहण्यासाठी ठेवावीत.

पण आज सांगावयाचे आहे ते निराळेच. तांब्यापितळेच्या भांड्यावर आपण नाव घालतो. कोणी कोणास, कोणत्या निमित्ताने व कोणत्या साली दिले, हे पन्नास वर्षांनंतरही वाचता येते. काचेवर आणि चिनीमातीवर अशी नावे आपण घातली नाहीत. त्यांचा इतिहास केवळ माणसांच्या तोंडी राहिला, आणि माणसे तर निघून चालली आहेत. स्टील आले, प्लास्टिक आले आणि बरण्या माळ्यावर गेल्या. घर आवरताना मुले त्या कबाड्याच्या हवाली करतात. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. जुन्या बाजारात आम्ही अशा कित्येक बरण्या घेतल्या. छाप वाचून कारखाना कळतो. पण त्यात कैरी कोणी मुरविली, हे कोणताही छाप सांगत नाही.

या परप्रांतात आपली पहिली पिढी आली, ती कपड्यांच्या घड्यांत गुंडाळलेली एखादी बरणी सांभाळीतच. तेव्हा सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची एक विनंती आहे. प्रत्येकाने घरातील अशी एक वस्तू काढावी. ती कोणाची, कोठून व केव्हा आली, हे घरातील वडीलधाऱ्यांस आजच विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी त्याच वस्तूत ठेवावी. मंडळाने या चिठ्ठ्यांची एक वही करावी. खर्च काहीच नाही. पण मंडळाच्या शताब्दीस जे जमतील, त्यांच्या हाती नुसती बरणी न पडता एका घराची हकीकत पडेल.