जिल्हा नियोजन समितीत नगराचा प्रतिनिधी

(नवनिर्वाचित नगरपरिषद सदस्य, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकीची धामधूम संपली आहे, गुलाल धुतला गेला आहे आणि आता खऱ्या कामाला आरंभ व्हावयाचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. नवी सभागृहे अस्तित्वात आली की पहिले काही आठवडे निवडींचे असतात. उपाध्यक्ष कोण, सभापती कोण, कोणत्या विषय समितीवर कोण, याची चर्चा गावातील प्रत्येक चहाच्या दुकानात चालते. या सर्व निवडींच्या गर्दीत एक निवड बहुधा कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती म्हणजे नगरसेवकांमधून जिल्हा नियोजन समितीवर पाठवावयाच्या सदस्याची. आज मी आपल्याशी या एकाच निवडीविषयी बोलणार आहे.

ही निवड झाली की स्थानिक वृत्तपत्रांत मथळा येतो, ‘अमुक नगरसेवकाची डीपीडीसीवर वर्णी.’ हा शब्द मला नेहमी खटकत आला आहे. वर्णी लागते ती कोणाच्या तरी कृपेने. ज्याची वर्णी लागली त्याने कृपा करणाऱ्याचे ऋण मानावे आणि स्वस्थ बसावे, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. वस्तुतः ही जागा कृपेची नाही. भारताच्या राज्यघटनेने ती निवडणुकीने भरावयास सांगितली आहे, आणि तिच्यामागे मोठा विचार आहे.

दोन कायदे, दोन घरे

तो विचार समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींचा विचार होऊन १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम तयार झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामास लागल्या. नगरांसाठी १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम आला. अशा रीतीने ग्रामीण भागाचे एक घर झाले आणि नागरी भागाचे दुसरे. प्रत्येक घराची तिजोरी निराळी, अभियंता निराळा, सभागृहही निराळे.

त्या काळी ही विभागणी फारशी जाचत नव्हती. १९६१ च्या जनगणनेनुसार राज्यातील शंभर माणसांपैकी सुमारे अठ्ठावीस माणसे नागरी भागात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण पंचेचाळीसच्या पुढे गेले. या पन्नास वर्षांत गाव आणि नगर एकमेकांत इतके मिसळले की त्यांच्यामधील सीमारेषा नकाशावर उरली, व्यवहारात उरली नाही. नगराचे दूध, भाजीपाला आणि मजूर खेड्यातून येतात. खेड्यातील मुले महाविद्यालयासाठी आणि रुग्ण दवाखान्यासाठी नगरात येतात. नगराचे पाणी कोणत्या तरी गावाच्या शिवारातील धरणातून येते आणि वापरून झालेले पाणी दुसऱ्या कोणत्या तरी गावाच्या ओढ्याला जाऊन मिळते.

या दोन्ही घरांना एका अंगणात आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने पूर्वीच केला होता. १९७० च्या दशकात जिल्हा पातळीवरील नियोजनासाठी जिल्हा नियोजन व विकास परिषदा स्थापन झाल्या. ‘डीपीडीसी’ हे नाव तेथून लोकांच्या जिभेवर बसले आणि आजही ते उतरलेले नाही. परंतु या परिषदा शासनाच्या आदेशाने आलेल्या होत्या. त्यांत बसण्याचा स्थानिक लोकप्रतिनिधींचा हक्क घटनेतून आलेला नव्हता.

तो हक्क १९९३ मध्ये आला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. पहिली २४ एप्रिल १९९३ पासून आणि दुसरी १ जून १९९३ पासून अंमलात आली. दुसरीतील अनुच्छेद २४३ यघ याने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी असे सांगितले. पंचायतींनी व नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र करावयाच्या आणि संपूर्ण जिल्ह्याच्या विकास योजनेचा मसुदा तयार करावयाचा, हे तिचे काम. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव म्हणून काम पाहतात.

वर्णी नव्हे, निवड

आता त्या अनुच्छेदातील गणित पाहू. शिक्षक मित्रांना ते वर्गात सहज मांडता येईल. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असले पाहिजेत. त्यांना निवडणारे आणि त्यांतून निवडले जाणारे, दोन्ही जिल्हा परिषदेचे व जिल्ह्यातील नगरपालिकांचे निर्वाचित सदस्यच. या जागांची वाटणी जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात होते. समजा, समिती चाळीस जणांची आहे. तिचे चार पंचमांश म्हणजे बत्तीस. जिल्ह्यात तीन हिस्से लोक गावांत आणि एक हिस्सा नगरांत राहत असेल, तर चोवीस जागा जिल्हा परिषद सदस्यांकडे आणि आठ जागा नगरसेवकांकडे जातील.

महाराष्ट्रात या निवडणुकीसाठी ग्रामीण, लहान नागरी, मोठे नागरी आणि संक्रमणकालीन असे निर्वाचन क्षेत्रांचे प्रकार केले आहेत. लहान नागरी क्षेत्रात नगरपरिषदांचे, मोठ्या नागरी क्षेत्रात महानगरपालिकांचे आणि संक्रमणकालीन क्षेत्रात नगरपंचायतींचे सदस्य येतात.

येथे एक सूक्ष्म परंतु अतिशय महत्त्वाची गोष्ट आहे. लहान नागरी क्षेत्रातून निवडून गेलेला नगरसेवक एकट्या आपल्या नगरपरिषदेने पाठविलेला नसतो. जिल्ह्यातील इतर नगरपरिषदांच्या सदस्यांनीही त्या निवडणुकीत मतदान केलेले असते. म्हणजे प्रभागातील मतदारांनी त्याला नगरसेवक केले आणि जिल्ह्यातील नगरांनी त्याला समिती सदस्य केले. समितीच्या दालनात पाऊल टाकताच त्याच्या खांद्यावर आपल्या प्रभागाबरोबर जिल्ह्यातील सर्व नगरांचा भार येतो. आणि समितीने करावयाची योजना संपूर्ण जिल्ह्याची असल्यामुळे, ज्यांनी त्याला कधीही मत दिले नाही आणि देणारही नाहीत, त्या गावकऱ्यांचा विचारही त्याला करावा लागतो.

पाण्याला हद्द ठाऊक नसते

समितीने कशाचा विचार करावा हे घटनेने स्पष्ट सांगितले आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताचे विषय, त्यांत जागेच्या वापराचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे जतन. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८ विषय आहेत. पाणी आणि रस्ते दोन्ही याद्यांत सापडतात. अर्थात, त्यांची गाठ कोठेतरी पडावीच लागते.

ही गाठ वेळेवर पडली नाही तर काय होते, याची आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन गेली. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात धनेगावजवळ आहे, आणि त्याच धरणावर अंबाजोगाई, केज, कळंब ही नगरेही तहान भागवितात. पाऊस कमी पडला हे खरे. परंतु एकाच जलाशयावर शहराचे नळ आणि शेताचे पाट दोन्ही अवलंबून असतील, तर कोणी किती पाणी घ्यावे हा प्रश्न टंचाईच्या वर्षी नव्हे, सुबत्तेच्या वर्षी एकत्र बसून सोडवावा लागतो. या उदाहरणात एक मर्यादाही दिसते. धरण एका जिल्ह्यात आणि शहर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर एकट्या जिल्हा समितीचे हात तोकडे पडतात, तेथे राज्य शासनालाच मध्ये यावे लागते. दहा लाखांहून मोठ्या महानगर क्षेत्रांसाठी घटनेने अनुच्छेद २४३ यङ मध्ये महानगर नियोजन समितीची निराळी तरतूद केली आहे ती याच जाणिवेतून. तेथे किमान दोन तृतीयांश जागा निवडणुकीने भरावयाच्या असतात.

दुसरे उदाहरण कचऱ्याचे. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी यांच्या शिवारात जात राहिला, आणि तेथील ग्रामस्थांना दुर्गंधी व दूषित पाणी यांविरुद्ध वारंवार रस्त्यावर यावे लागले. नगराने दाराबाहेर टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडते. शेजाऱ्याला आपल्या दालनात बोलावून त्याचे ऐकून घ्यावे, यासाठीच नियोजन समिती आहे.

दोन सदस्य

माहिती अधिकारी म्हणून वार्ता लिहिण्याच्या निमित्ताने मी अशा अनेक बैठकांना बसलो आहे. एका बैठकीतील दोन सदस्य माझ्या कायम स्मरणात राहिले. पहिले गृहस्थ अनुभवी नगरसेवक होते. बोलण्याची संधी मिळताच त्यांनी आपल्या प्रभागातील एका रस्त्याविषयी मोठ्या आवेशाने भाषण केले. सभागृह हसले, अध्यक्षांनी ‘पाहू’ म्हटले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव ठळक अक्षरांत आले. त्यांच्याजवळ ना अंदाजपत्रक होते, ना नगरपरिषदेचा ठराव.

दुसऱ्या सदस्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि प्रथमच निवडून आल्या होत्या. त्या दोनच मिनिटे बोलल्या. ‘आमच्या नगराचे सांडपाणी ओढ्याला जाते. ओढ्याकाठच्या गावाच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. दोष आमचा आहे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामाला आमच्या नगरपरिषदेचा ठराव आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. विहिरीच्या कामासाठी जिल्हा परिषदेने आपल्या बाजूने प्रस्ताव द्यावा.’ त्या गावच्या गटातील जिल्हा परिषद सदस्य, पक्षाने विरोधी, उठून उभे राहिले आणि त्यांनी अनुमोदन दिले. दोन्ही कामे एकत्र आराखड्यात घेण्याचे ठरले. वृत्तपत्रांत त्यांचे नाव आले नाही. मात्र ‘दोष आमचा आहे’ हे वाक्य मी त्या दालनात त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

बैठकीपूर्वीचे काम

त्या बाईंचे यश दोन मिनिटांच्या भाषणाचे नव्हते, त्यापूर्वीच्या दोन महिन्यांच्या तयारीचे होते. म्हणून ज्यांच्यावर ही जबाबदारी येईल त्यांच्यासाठी काही सूचना करतो.

पहिली सूचना कालमर्यादेची. शासन प्रत्येक जिल्ह्याला कमाल वित्तीय मर्यादा कळविते. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारणतः जानेवारीच्या सुमारास समितीपुढे येतो, त्यानंतर राज्यस्तरीय बैठकीत त्यावर विचार होतो आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो. जो सदस्य फेब्रुवारीत जागा होतो, त्याची मागणी पुढच्या वर्षावर जाते. आपल्या नगरांच्या गरजांची यादी दिवाळीपूर्वी तयार असावी.

दुसरी सूचना कागदपत्रांची. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, जागेची उपलब्धता, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता यांवाचून कामाला प्रशासकीय मान्यता मिळत नाही. नगरोत्थान महाअभियानाच्या जिल्हास्तर योजनेसारखा नागरी भागाचा निधी याच समितीच्या मार्गाने येतो. प्रस्ताव अपुरे राहिले तर तो निधी वर्षअखेरीस पुनर्विनियोजनात दुसरीकडे वळतो किंवा ३१ मार्चला समर्पित होतो. निधी मिळाला नाही ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मिळालेला निधी का परत गेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तिसरी सूचना मागील खर्चाची. बैठकीच्या टिपणीत गतवर्षीच्या मंजूर तरतुदीचे व प्रत्यक्ष खर्चाचे विवरण असते. नव्या मागणीपूर्वी ते वाचावे. जेथे खर्च झाला नाही तेथे का झाला नाही, हे नम्रपणे परंतु निश्चयाने विचारावे. अधिकारी मित्रांनीही बैठकीची टिपणी सदस्यांच्या हाती काही दिवस आधी आणि सुबोध मराठीत पडेल याची काळजी घ्यावी. बैठकीच्या दारात हाती पडलेल्या शंभर पानांवर कोणीही विचार करू शकत नाही.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित सूचना, परत येऊन सांगण्याची. समितीत काय ठरले, काय नाकारले गेले आणि का, याचा वृत्तान्त सदस्याने आपल्या सभागृहात ठेवावा आणि जिल्ह्यातील इतर नगरांच्या अध्यक्षांना कळवावा. कायद्याने बांधलेले नसले तरी मताचे ऋण त्याने फिटते.

रिकामी खुर्ची

शेवटी एक गोष्ट मन मोकळे करून सांगतो. २०२२ पासून काही वर्षे राज्यातील बहुतेक महानगरपालिकांवर, जिल्हा परिषदांवर आणि अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. निवडून आलेले सदस्यच नसल्यामुळे त्यांच्यातून भरावयाच्या समितीच्या जागाही रिकाम्या राहिल्या. आराखडे तयार होत राहिले, निधी खर्च होत राहिला, अधिकाऱ्यांनी आपले काम केले. परंतु ‘हे पाणी आमच्या विहिरीत येते’ असे सांगणारा आवाज त्या दालनात नव्हता, आणि ‘दोष आमचा आहे’ असे म्हणणाराही नव्हता.

आता त्या खुर्च्या भरावयाच्या आहेत. त्या भरताना कोणाची सोय लावायची, हा प्रश्न मागे ठेवा. कोण अभ्यास करील, कोण शेजारच्या गावाचे ऐकून घेईल आणि कोण परत येऊन हिशेब देईल, एवढे पाहा. तसे न झाल्यास माणूस बसलेला असूनही खुर्ची रिकामीच राहील, आणि ती रिकामी आहे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.