अडकतंय काय, बिघडलंय काय?

तुळशीचं लग्न लागलं की धुळ्या-जळगावच्या व्हिडिओवाल्यांच्या रात्री जागण्यात जातात. कुठे लग्नाची फिल्म, कुठे अहिराणी गाण्याचा अल्बम. आणि सगळीकडून एकच ओरड : ‘ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, बसलो की व्हिडिओ अडकतो, फूटेजच खराब आहे.’ अरे बाबांनो, अडकतंय ते मशीन! चित्र बिघडणं हा आजार निराळा.

आपल्या भरिताचंच बघा. कपाशीच्या काड्या ओल्या असल्या की वांगं भाजायला उशीर होतो, म्हणून काही वांगं किडकं ठरत नाही. आणि वांगंच किडकं असेल, तर शेंगदाणे घाला, कांद्याची पात घाला, तेलाची धार सोडा, पंगत नाव ठेवणारच. ग्रेडिंग ही फोडणी आहे. आधी जाळ म्हणजे मशीन तपासा, मग वांगं म्हणजे फूटेज.

जाळ कसा तपासायचा? ग्रेड बंद करून क्लिप चालवा. सुरळीत चालली, तर तुमच्या नोड्सचा भार जास्त आहे. नॉइज रिडक्शन हा त्यातला मोठा खादाड. तरीही अडकली, तर फोरके एच-265 उलगडताना मशीनला धाप लागतेय किंवा हार्ड डिस्क मंद आहे. प्रॉक्सी करा. प्रॉक्सी म्हणजे फूटेजची हलकी प्रत, चव बघायचं लहान वांगं. पंगतीला वाढायचं ते मूळचंच, म्हणजे एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. खात्री हवी? दहा सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा. तो नीट चालला, तर फूटेजला शिव्या देऊ नका. पुन्हा सांगतो, अडकणं वेगळं, बिघडणं वेगळं.

आता वांगं. काळा रंग राखाडी, सगळं चित्र फिकट? लगेच कॉन्ट्रास्ट ओढू नका. 16 ते 235 मधलं चित्र सॉफ्टवेअरने 0 ते 255 समजून वाचलं असेल; क्लिपच्या लेव्हल्स बदलल्या की काम झालं. हळदीत नवरीच्या अंगावरचा पिवळा सपाट, डागासारखा दिसतोय? डोळ्यांवर विसंबू नका, स्कोप उघडा. चित्रणातच रंग फाटला असेल, तर कुठलंही लट (तयार रंगसाचा) तो शिवून देणार नाही. आभाळात पट्ट्या दिसतात ती आठ बिटांची भानगड.

एवढंच करा. मांडवातले दिवे लुकलुकून चित्रावर पट्टे येतात, ते ग्रेडिंगला बसल्यावर सहजासहजी जात नाहीत. आपली वीज 50 सायकलची. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, आणि हळद लागायच्या आधी एकदा चित्र मोठ्या पडद्यावर बघून घ्या.