जुना निघाल्याशिवाय नवा बसत नाही

(नामपूर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मोसम खोऱ्यात उन्हाळ कांदा चाळीत भरायची लगबग असते, त्याच दिवसांत घरातल्या कॉम्प्युटरवर मार्चअखेरचे हिशोबही उरकायचे असतात. आणि नेमकी त्याच सुमाराला पडद्याच्या कोपऱ्यात पाटी झळकते, अँटिव्हायरसची मुदत संपत आली. कॉलेजात जाणारा मुलगा सटाण्याहून नव्या आवृत्तीचा डबा आणतो आणि सेटअप चालवतो. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचते आणि तिथूनच मागे फिरते. इन्स्टॉलेशन अयशस्वी, कोड 1603. पुन्हा चालवलं तरी तेच. मग डबा विकणाऱ्याला फोन जातो आणि बोलणं ‘डुप्लिकेट माल दिला की काय’ इथपर्यंत येऊन ठेपतं.

दुकानदाराचा यात बहुधा दोष नसतो, नव्या सॉफ्टवेअरचाही नसतो. अडून बसलेलं असतं ते जुनं सॉफ्टवेअर. त्याचं अडून बसणं हा बिघाड नव्हे, ते तसंच घडवलेलं असतं.

हे समजायला थोडं मागे, पुण्यात जावं लागेल. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले तसं लक्षात आलं की कित्येक यंत्रांचं हार्डवेअर ठणठणीत असतं, बिघडवलेलं असतं ते व्हायरसने. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला डॉससाठीचं ‘क्विक हील’ बाजारात आलं. 2007 मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, 2016 च्या फेब्रुवारीत ती शेअर बाजारात नोंदली गेली. आज नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात अँटिव्हायरस मागितला तर समोर येणाऱ्या डब्यांत पुण्याचा हा डबा असतोच.

त्या डॉसच्या काळात ‘इन्स्टॉलेशन एरर’ ही भानगड फारशी नव्हती. व्हायरस फ्लॉपीवरून यायचा. 1986 मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ असाच फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसून जगभर फिरला. अँटिव्हायरसही फ्लॉपीवरूनच यायचा. तो चालवायचा, डिस्क तपासून घ्यायची, काम झालं की बंद. पुढची आवृत्ती आली की जुनी फाइल पुसून नवी टाकायची. जुन्या फाइलने हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आजचा अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ठाण मांडून असतो. तुम्ही कुठलीही फाइल उघडा, ती तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याच्या हातातून जाते. यासाठी तो ‘फिल्टर ड्रायव्हर’ बसवतो. या ड्रायव्हरांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रत्येकाला एक क्रमांक नेमून देतं. त्याला ‘अल्टिट्यूड’ म्हणतात आणि 3,20,000 च्या वरचा एक पट्टा खास अँटिव्हायरससाठी राखून ठेवलेला आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एफएलटीएमसी’ ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली की कोण कोण पहाऱ्यावर आहे त्याची यादीच समोर येते. विंडोजचा स्वतःचा ‘डब्ल्यूडीफिल्टर’ तिथे 3,28,010 या क्रमांकावर दिसतो. चार वर्षांपूर्वी ‘काढून टाकलेल्या’ एखाद्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हरही कधीकधी त्याच यादीत मुकाट्याने बसलेला सापडतो. तिथे पाहिलं की अर्धं निदान झालं.

आता व्हायरस लिहिणाऱ्याचं पहिलं काम कोणतं? अँटिव्हायरस बंद पाडणं. म्हणून अँटिव्हायरस स्वतःचं संरक्षण करतो. आपल्या फाइली पुसू देत नाही, रजिस्ट्रीतल्या आपल्या नोंदींना हात लावू देत नाही, आपली सेवा थांबवू देत नाही. पूर्वी गावोगावी जागल्या असायचा. त्याला ‘रात्री पांढरीत कुणालाही शिरू देऊ नको’ असं बजावून ठेवावं आणि दुसऱ्या रात्री न सांगता नवा जागल्या पाठवावा, तर पहिला त्यालाच वेशीवर आडवा होणार. घरच्या कॉम्प्युटरवर नेमकं हेच घडतं. नवा सेटअप ड्रायव्हर ठेवायला जातो, जुना त्याला अडवतो, सेटअप हात टेकतो.

1603 हा आकडा तसा बिनकामाचा. ‘काहीतरी घातक चूक झाली’ एवढंच तो सांगतो. विंडोज इन्स्टॉलरचे इतर आकडे जास्त बोलके असतात. 1618 म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. बहुधा मागून विंडोज अपडेट चाललेलं असतं, थोडा वेळ थांबलं की काम होतं. 1638 म्हणजे याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीच बसलेली आहे. 3010 बघून मात्र लोक उगाच घाबरतात. तो चूक दाखवणारा आकडा नाहीच. काम झालं, आता रीस्टार्ट करा, एवढाच त्याचा अर्थ. आणि 1603 च्या पोटातली गोष्ट शोधायची असेल तर टेम्प फोल्डर उघडावं. बरेच सेटअप तिथे आपली नोंदवही ठेवतात. तीत ‘रिटर्न व्हॅल्यू 3’ ही इंग्रजी अक्षरं शोधायची आणि त्यांच्या वरच्या चार-सहा ओळी वाचायच्या. कुठली फाइल लिहिता आली नाही, कुठली सेवा थांबली नाही, याचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. निम्मे तंत्रज्ञसुद्धा ही वही उघडत नाहीत. ‘फॉरमॅट मारून टाकू’ हे त्यांचं एकच औषध, आणि त्यात घरातल्या लग्नाचे फोटो आणि दोन वर्षांचा हिशोब गेलेला असतो.

मग काढायचं कसं? आधी काढायची घाई करू नये. नवा सेटअप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पूर्ण उतरवून घ्यावा. छोटा, इंटरनेटवरून थोडं थोडं ओढणारा सेटअप नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रेंज येतेय-जातेय अशा ठिकाणी, तो छोटा सेटअप मधेच लटकतो. जुन्या परवान्याची की कागदावर लिहून ठेवावी. मुदत शिल्लक असेल तर बऱ्याच कंपन्या नवी आवृत्ती फुकट देतात, नवा डबा घ्यावाच लागतो असं नाही. आणि एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे क्वारंटाइन. अँटिव्हायरसने संशयावरून उचलून ठेवलेल्या फाइलींत एखादी कामाची असेल, तर जुनं सॉफ्टवेअर निघताना ती सोबत जाऊ शकते.

त्यानंतर जुन्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सेल्फ प्रोटेक्शन’ बंद करायचं, कंट्रोल पॅनेलमधून ते रीतसर काढायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. वापरात असलेल्या फाइली विंडोज लगेच पुसू शकत नाही, ‘पुढच्या खेपेला पुसायच्या’ अशी चिठ्ठी ठेवते. ती चिठ्ठी वाचली जाते गाभा नव्याने सुरू होतो तेव्हा. म्हणून माणूस छातीठोकपणे सांगतो, ‘अहो, रात्रभर बंद होता की!’ आणि जुना ड्रायव्हर तरीही जागच्या जागी असतो.

एवढ्यानेही अवशेष राहिले तर कंपन्यांची काढणीसाठीची वेगळी साधनं असतात. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, कॅस्परस्की अशा बहुतेकांची आहेत. अव्हास्टचं साधन सेफ मोडमध्ये चालवायला सांगतं, कारण तिथे जुना पहारेकरी जागाच होत नाही. सेफ मोडला जायला शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट म्हणायचं. मात्र नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते, तिथे बिटलॉकरची 48 आकडी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आधीच उतरवून ठेवलेली बरी. आणखी एक गंमत म्हणजे सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा सहसा चालूच नसते. त्यामुळे तिथे जाऊन कंट्रोल पॅनेलमधून काढू पाहणाऱ्याला 1601 भेटतो. तिथे काढणीचं साधनच चालवायचं.

या मधल्या वेळात कॉम्प्युटर उघडा पडेल ही धास्ती विंडोज 8 नंतर उरलेली नाही. दुसरा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप उभा राहतो, नवा नोंदला गेला की तो बाजूला होतो. घरच्या साध्या वापराला डिफेंडर पुरतो का, हा प्रश्न इथे विचारला जाणारच. नीट अपडेट असलेल्या विंडोजवर बऱ्याच घरांना तो पुरतो. विकतचा घ्यायचा तर त्याच्या जादा सोयींसाठी घ्यावा, भीतीपोटी नव्हे.

जुन्याचा दोष नसतो अशाही काही जागा आहेत. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर 2032 नावाची गोल बटणासारखी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. आपल्याकडे विजेचा लपंडाव नवा नाही. मग नव्या सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही कॉम्प्युटरला ‘अजून जन्मायची आहे’ असं वाटतं आणि तो ती नाकारतो. उपाय तारीख दुरुस्त करणं आणि काही रुपयांची बॅटरी बदलणं. विंडोज 7 वर वेगळाच घोळ होतो. 2019 पासून सह्या शा-2 पद्धतीच्या झाल्या. त्या ओळखायला विंडोज 7 ला केबी 4474419 हे अपडेट लागतं. ते नसेल तर नव्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर चढतच नाहीत. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 10 वर अँटिव्हायरस अजून बसतो, पण खालच्या विंडोजमधली भोकं तो बुजवू शकत नाही.

कधी अडवणारा खरोखरच व्हायरस असतो. 2008-09 मध्ये कॉन्फिकर नावाचा व्हायरस अँटिव्हायरस कंपन्यांची नावं असलेले पत्ते उघडूच देत नसे. बाकी सगळं इंटरनेट चालतंय आणि फक्त अँटिव्हायरसची संकेतस्थळं उघडत नाहीत, तर संशय घ्यावा. डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी करते, तिला साधारण पाव तास लागतो. आधी ती, मग नवा सेटअप.

गाभ्यात शिरलेलं सॉफ्टवेअर चुकलं तर काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसी-होस्ट’ फाइलच व्हायरस ठरवली आणि यंत्रं एकामागोमाग एक कोलमडली. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणले, आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची सॉफ्टवेअरं गाभ्याबाहेरून चालवायची तयारी सुरू केली आहे. ती पुरी झाली तर आजच्या व्याख्यानातला बराच भाग कालबाह्य होईल, आणि ते बरंच.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र कॉम्प्युटरमध्ये होत नाही, फोनवर होते. एररचा आकडा गूगलवर टाकायचा, वर आलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर फिरवायचा, पलीकडचा गोड बोलून दुरून ताबा देणारं एनीडेस्क टाकायला लावतो, आणि बघता बघता कांद्याच्या पट्टीचे खात्यावर आलेले पैसे गायब. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-2’ मध्ये छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्टच्या नावाने बनावट मदतकेंद्रं चालवणारेही होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर घ्यायचा तो डब्यावरचा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

नवा अँटिव्हायरस बसला, हिरवी खूण आली, तरी एकदा ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तिथे चालू म्हणून एकाचंच नाव आहे ना, ते पाहावं. दोन दिसली तर काढणी अपुरी राहिली आहे. आणि तो खरोखर काम करतोय का, हे पाहायला आयकार या युरोपातल्या संस्थेने ठरवलेली 68 अक्षरांची चाचणी फाइल आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस मानायचं कबूल करून बसले आहेत. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवायला घ्यावी. चांगला अँटिव्हायरस ती डिस्कवर टेकूही देत नाही. ती निवांत डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन बसली, तर पुन्हा ‘एफएलटीएमसी’ची यादी उघडायची.