जुने गाणे, नवा गळा
(नभोवाणीवरील भाषण)



दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. नववीतील एक विद्यार्थिनी जुने नाट्यपद म्हणणार होती. पद सर्वांच्या परिचयाचे, ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी पोहोचलेले. पहिल्याच तालमीत तिने ते बरेच संथ लयीत म्हटले. ध्वनिमुद्रिकेत जेथे तानांची लड येते, तेथे ती नुसती एका स्वरावर थांबली. मी तिला मध्येच अडविले आणि म्हणालो, "मुली, तबकडीत जसे आहे तसेच म्हण. थोरांच्या गाण्यात आपण ढवळाढवळ करू नये." ती हळूच म्हणाली, "सर, मला ते असेच ऐकू येते." मी तिचे ऐकले नाही. संमेलनात तिने ते पद हुबेहूब म्हटले, टाळ्याही पडल्या. परंतु पुढल्या वर्षी तिने गाण्यासाठी नाव दिले नाही. कारण विचारले, तेव्हा "अभ्यास आहे" एवढेच म्हणाली.

त्यानंतर काही महिन्यांनी 'डी-लव्हली' नावाचा अमेरिकन चित्रपट माझ्या पाहण्यात आला, आणि मी केलेल्या त्या उपदेशाविषयी मला शंका वाटू लागली. आज त्याच चित्रपटाच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लोकांच्या ओठी रुळलेले जुने गाणे नव्या गायकाने गावे, ते कोणत्या रीतीने?

'डी-लव्हली' हा चित्रपट 2004 साली निघाला. अर्विन विंकलर हे त्याचे दिग्दर्शक. कोल पोर्टर या गीतकार-संगीतकाराचे जीवन हा त्याचा विषय. पोर्टर यांचा जन्म 1891 साली इंडियाना राज्यातील पेरू या लहानशा गावी झाला. आपल्या गाण्यांचे शब्द आणि सूर ते दोन्ही स्वतःच रचीत असत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी त्यांनी अनेक संगीतिका लिहिल्या. 1937 साली घोड्यावरून पडून त्यांचे दोन्ही पाय चिरडले गेले. पुढे वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया होत राहिल्या. त्या वेदनेतही त्यांचे लेखन थांबले नाही. 1948 सालची 'किस मी, केट' ही त्यांची सर्वांत यशस्वी संगीतिका त्या अपघातानंतरचीच आहे. 1958 साली उजवा पाय कापावा लागला, आणि मग मात्र त्यांनी गाणे लिहिले नाही. 1964 साली त्यांचा अंत झाला.

या पुरुषाच्या जीवनावर हा पहिलाच चित्रपट नव्हे. 1946 साली, त्यांच्या हयातीतच, 'नाइट अँड डे' हा बोलपट निघाला होता आणि त्यात कॅरी ग्रँट यांनी त्यांची भूमिका केली होती. परंतु त्यातील चरित्र पुष्कळसे गुळगुळीत व कल्पित होते. नव्या चित्रपटाने पोर्टर यांचा पुरुषांकडे असलेला ओढा आणि तरीही पत्नी लिंडा यांच्याशी असलेला गाढ स्नेह, ह्या दोन्ही गोष्टी उघडपणे मांडल्या. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. निर्मात्यांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांवर भिस्त ठेवली नाही. आजच्या काळातील नामवंत गायक-गायिकांना बोलावून त्यांनी ती गाणी नव्याने गावून घेतली, आणि त्या गायकांना त्या काळच्या वेषात पडद्यावरही आणले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे चित्रपटातील गाणे म्हटले की एका विशिष्ट गळ्यातील विशिष्ट ध्वनिमुद्रिका आपल्या मनात उभी राहते. गाणे आणि तो गळा यांची आपण ताटातूट करीत नाही. पोर्टर यांची गाणी मात्र प्रथम कागदावर जन्माला आली. रंगभूमीवर एका नटीने ती गायिली, स्वरलिपीच्या छापील प्रती दुकानांत विकल्या गेल्या, घरच्या पियानोवर लोकांनी ती वाजविली आणि मग निरनिराळ्या वाद्यवृंदांनी ती उचलली. 'बिगिन द बिगीन' हे गाणे 1935 सालच्या 'ज्युबिली' या संगीतिकेतील. तेथे त्याची फारशी वाहवा झाली नाही. नेहमीचे गाणे 32 'बारां'चे, म्हणजे 32 लहान आवर्तनांचे. हे तर 108 आवर्तनांचे! तीन वर्षांनी आर्टी शॉ यांच्या वाद्यवृंदाने ते शब्दांवाचून वाजविले, आणि त्या ध्वनिमुद्रिकेने ते जगभर गेले. पुढे 1956 साली एला फिट्झजेराल्ड यांनी पोर्टर यांच्या गाण्यांचा एक संपूर्ण संच गायिला, तो आजही आदर्श मानला जातो. म्हणजे या गाण्यांची कीर्ती मुळातच पुनःपुन्हा गायिले जाण्याने वाढलेली आहे.

आता चित्रपटातील नव्या गळ्यांकडे वळू. रॉबी विल्यम्स हे इंग्लंडचे लोकप्रिय गायक 'इट्स डी-लव्हली' हे गाणे विवाहाच्या मेजवानीत गातात. विवाह 1919 चा आणि गाणे 1936 चे. इतिहासाच्या शिक्षकाने येथे लाल शाईची रेघ ओढली असती. पण गायनात उत्साह आहे आणि प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. अॅलानिस मॉरिसेट या मूळच्या आक्रोशयुक्त गाण्यांसाठी प्रसिद्ध. त्या 'लेट्स डू इट' हे मिस्किल गाणे आपली नेहमीची धार म्यान करून गातात. शेरिल क्रो यांनी 'बिगिन द बिगीन' गाताना त्यात उदास छटा इतकी गडद केली आहे की, मूळ सुरावटीवर प्रेम करणाऱ्यांना ती खटकावी. मलाही प्रथम खटकली.

नॅटली कोल यांनी गायिलेले 'एव्हरी टाइम वुई से गुडबाय' हे गाणे मात्र मला विशेष वाटले. 1944 साली रचलेल्या या गाण्यात पोर्टर यांनी एक कौशल्य योजिले आहे. निरोपाच्या वेळी स्वरसंगती 'मेजर'वरून 'मायनर'वर जाते असे शब्द सांगतात, आणि नेमक्या त्याच शब्दांशी साथीची स्वरसंगती तशीच बदलते. ढोबळमानाने सांगावयाचे, तर शुद्ध गंधार कोमल होतो. गायिकेने येथे काहीही दाखवावयाचे नसते. केवळ तो बदल लोकांच्या कानी पडू द्यावयाचा असतो. नॅटली यांनी तेवढेच केले. त्यांचे वडील नॅट किंग कोल हे स्वतः जुन्या पिढीतील थोर गायक. 1991 साली नॅटली यांनी दिवंगत पित्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत आपला आवाज मिसळून युगुलगीत सिद्ध केले होते. जुन्या गळ्याचा मान कसा राखावा, हे त्यांना घरातूनच ठाऊक होते. तरी हे गाणे त्यांनी आपल्याच गळ्याने गायिले, कोणाची नक्कल करून नव्हे. 2015 च्या अखेरीस त्या निवर्तल्या.

पोर्टर यांची भूमिका केव्हिन क्लाइन यांनी केली आहे. ते शिकलेले, चांगल्या गळ्याचे नट आहेत. परंतु पोर्टर यांचा स्वतःचा आवाज बेताचा होता, म्हणून क्लाइन यांनी मुद्दाम आपला गळा आवरून धरला. 'नाइट अँड डे'च्या तालमीचा एक प्रसंग चित्रपटात आहे. गाणे फार अवघड आहे, अशी नटाची तक्रार. तेव्हा रचनाकार स्वतः रंगमंचावर येतो आणि त्याच्याबरोबर गाऊ लागतो. सुंदर गळ्याचा नट अडखळतो आहे आणि सामान्य गळ्याचा माणूस त्याला वाट दाखवितो आहे. हा प्रसंग पाहताना मला आमच्या शाळेतील ती तालीम आठवली. फरक इतकाच की, मी वाट दाखविली नव्हती. वाट अडविली होती.

या पद्धतीत दोषही आहेत, ते लपवून चालणार नाही. प्रत्येक गाण्याला नवा ख्यातनाम चेहरा पडद्यावर आला म्हणजे प्रेक्षक कथा सोडून चेहरे ओळखीत बसतो. शिवाय स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल ते, असे नव्हे. गायकाने शब्दांचा अर्थ न जाणता केवळ आपल्या नावासाठी चाल वाकविली, तर ते जुन्या घराचे खांब काढून रंगीत काचा बसविण्यासारखे होईल. नवा गायक कितपत निराळा गायिला, हे मोजण्यात अर्थ नाही. तो निराळेपणा गाण्यातून निघाला की गायकाच्या हौसेतून, हे पाहावे.

आपल्या मराठी रसिकांना हे परके वाटू नये. संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना ठाऊक आहे की प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल' छापलेली असे. पद हे कागदावर, सर्वांसाठी खुले. 2011 सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे यांनी ती पदे आजच्या श्रोत्यांसाठी पुन्हा गायिली. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाला आपल्या मंगेशीचे सुपुत्र पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. 2015 साली त्याचा चित्रपट झाला, तेव्हा खाँसाहेबांचे गाणे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायिले. आजोबांची छाया पडणारच. पण ज्या तरुणांनी नाटक पाहिलेले नाही, त्यांच्या ओठी ती पदे पुन्हा आली, ती या नव्या गळ्यांमुळे. केवळ आदराने कपाटात ठेवलेले पद कोणाच्या ओठी येणार?

यंदाच्या संमेलनाच्या तालमीत मी क्रम बदलला आहे. मुलांना आधी पदाचे शब्द वाचावयास लावतो आणि त्यात कोण कोणाला काय सांगतो आहे, हे विचारतो. मग ध्वनिमुद्रिका ऐकवितो. ती ऐकणे आवश्यकच आहे. थोरांनी कोठे श्वास घेतला, कोठे शब्द सोडला, हे दुसरीकडे कोठे कळणार? मग यंत्र बंद करतो आणि म्हणतो, "आता तू म्हण." पुष्कळ मुले नक्कलच करतात. एखादेच मूल दुसऱ्या ओळीवर थबकते आणि काहीतरी निराळे म्हणते. मी गप्प राहण्याचा प्रयत्न करतो.

त्या मुलीची मात्र मी अद्याप क्षमा मागितलेली नाही. ती आता उच्च माध्यमिक विद्यालयात आहे. हे भाषण तिच्या कानी पडले, तर तिला एवढेच सांगावयाचे आहे: मुली, ते पद तुला जसे ऐकू येते तसे एकदा येऊन म्हण. मी मध्ये थांबविणार नाही.