महासंगणकाच्या विजेचा हिशेब

[विरार पूर्वेतील मनवेलपाडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर]



संगणक कचेऱ्यांत आणि बँकांत आला, तेव्हा कामगार चळवळीने त्याला एकच प्रश्न विचारला होता : हे यंत्र किती हातांचे काम हिरावून घेणार? तो प्रश्न रास्त होता व आजही संपलेला नाही. परंतु त्याच्या जोडीला आता दुसरा प्रश्न उभा आहे : हे यंत्र किती कोळसा जाळते आणि किती पाणी पिते? हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे. तो सार्वजनिक अर्थकारणाचा विषय आहे.

एकच प्रचंड गणित हजारो संगणकांत वाटून देणारी यंत्रणा म्हणजे महासंगणक. अमेरिकेने असे यंत्र देताना अडवणूक केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था निघाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. या स्वावलंबनाचा अभिमान बाळगण्यात काहीच गैर नाही. पुण्याच्याच भारतीय उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आला आणि २०२४ मध्ये त्याच्या सुमारे तिप्पट शक्तीचा ‘अर्क’ आला.

ही यंत्रे चैनीसाठी नाहीत. मे २०२५ मध्ये देशाचा हवामान अंदाज बारा किलोमीटरच्या चौकटीवरून सहा किलोमीटरच्या चौकटीवर आला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर असलेल्या पालघरसारख्या जिल्ह्यात बारा किलोमीटरमध्ये पावसाचे रूप पालटते. सातपाटीच्या मच्छीमाराला आणि विक्रमगडच्या भातशेतकऱ्याला बारीक चौकट हवीच आहे. मात्र तिची किंमत समजून घेतली पाहिजे. चौकटीची लांबी-रुंदी निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय गणित काळाच्याही निम्म्या अंतराने करावे लागते. म्हणजे अंदाज दुप्पट बारीक करावयाचा, तर आकडेमोड साधारण आठपट वाढते.

ही आकडेमोड विजेवर चालते, आणि देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते. एक मेगावॅट वीज अखंड घेणारे यंत्र वर्षाला ८७ लाख ६० हजार युनिट वापरते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या ७,३०० कुटुंबांची ती वर्षाची वीज होय. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू धरला, तर वर्षाला सहा हजार टनांहून अधिक वायू हवेत जातो. यंत्रात शिरलेली सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती पाण्याच्या बाष्पीभवनाने घालवावयाची, तर एका युनिटमागे सुमारे दीड लिटर पाणी उडून जाते. एका मेगावॅटमागे दिवसाला ३६ हजार लिटर. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने सुमारे २६५ माणसांचे पाणी. एका यंत्रापुरते हे थोडे वाटेल. पण ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात खासगी कंपन्यांची विदाकेंद्रे उभी राहिली आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महासंगणकाच्याच जातीची यंत्रे अशा केंद्रांत येत आहेत. शंभर मेगावॅटला हाच हिशेब लावला, तर ते साडेसव्वीस हजार माणसांचे पाणी होते.

यावर तंत्रज्ञांचे उत्तर तयार असते : यंत्रे अधिकाधिक काटकसरी होत आहेत. ते खरेही आहे. २०१३ साली सी-डॅकने ‘परम युवा-२’ आणला, तेव्हा आधीच्या यंत्रणेपेक्षा ३५ टक्के कमी वीज लागेल असे सांगण्यात आले होते. परंतु पाचच वर्षांत त्याच शहरात सुमारे आठपट शक्तीचा प्रत्यूष उभा राहिला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ सालीच दाखवून दिले होते की, वाफेचे एंजिन कमी कोळशात चालू लागले म्हणून कोळशाचा खप घटत नाही. काम स्वस्त झाल्याने एंजिने वाढतात आणि खपही वाढतो. युरोपच्या हवामान केंद्राने मे २०२१ मध्ये आकडेमोडीतील अनावश्यक दशांश स्थळे कमी केली. गणिताचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला. ही बचत कोठे गेली? वातावरणाचे अधिक थर मोजण्यात गेली. अंदाज सुधारला, हे चांगलेच झाले. वीज मात्र शिल्लक उरली नाही.

तात्पर्य असे की, काटकसर म्हणजे कपात नव्हे. कपात हवी असेल तर आधी मर्यादा ठरवावी लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पुढच्या पिढीच्या महासंगणकासाठी वीस मेगावॅटचे लक्ष्य आधी ठरवले. ते अशक्य मानले जात होते. तरीही २०२२ साली ‘फ्रंटियर’ हे यंत्र सुमारे २१ मेगावॅटमध्ये चालले. मर्यादेने विज्ञान अडले नाही. उलट अभियंत्यांची बुद्धी कामाला लागली.

त्या मर्यादेत राहण्याचे मार्ग माहीत आहेत. फिनलंडमधील कायानी गावात बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या जागी ‘लुमी’ हा महासंगणक जलविद्युतवर चालतो आणि त्याची उष्णता गावातील घरे उबदार ठेवते. कोकणात वा देशावर या उष्णतेला गिऱ्हाईक नाही. पण यंत्राच्या अंगाशी नळीतून कोमट पाणी खेळवले, तर मोठ्या शीतयंत्रांचा खर्च येथेही वाचतो. हवामानाचा अंदाज थांबू शकत नाही; परंतु संशोधनाची पुष्कळशी आकडेमोड दुपारच्या सौर विजेची वाट पाहू शकते. आळशी प्रणाली सुधारणे, रिकामी यंत्रे बंद ठेवणे, चालू यंत्र घाईने भंगारात न काढणे, हे उपाय तर विनाखर्चाचे आहेत.

प्रश्न उपायांचा नाही, उत्तरदायित्वाचा आहे. सूर्या प्रकल्पाचे पाणी मुळात शेतीसाठी, मुख्यत्वे आदिवासी शेतकऱ्यांसाठी होते. आज सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची तरतूद आहे. शहराची तहान खरी आहे आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणेही खरे आहे. साधनसंपत्ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा हिशेब वेळीच मांडला नाही, की दोन गरजवंत एकमेकांसमोर उभे ठाकतात. विजेच्या बाबतीत तसे घडू द्यावयाचे नसेल, तर मागण्या स्पष्ट हव्यात.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक महासंगणकाने वर्षाला किती युनिट, किती लिटर आणि कोणत्या कामासाठी किती तास, हे प्रसिद्ध करावे. नवे यंत्र घेण्यापूर्वी त्याची वीजमर्यादा ठरवावी आणि ती वीज नव्याने उभारलेल्या सौर वा पवन प्रकल्पातून यावी. खासगी केंद्रांना जमीन, पाणी वा करसवलत देताना हीच अट असावी. मर्यादेच्या आत कोणत्या कामाला अग्रक्रम, हे लोकप्रतिनिधींसमोर उघडपणे ठरावे. वादळाची पूर्वसूचना आणि जाहिरातीचे गणित यांना विजेच्या दारात एकाच रांगेत उभे करता येणार नाही.

यंत्राला विरोध हा समाजवादी विचार नव्हे. यंत्र कोणासाठी चालते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारणे हाच तो विचार आहे. महासंगणकालाही या प्रश्नातून सूट नाही.